माळ पडीक नसतो

'उजाड माळरानावर फुलले नंदनवन' हा मथळा तुम्ही किती वेळा वाचला असेल? मी तर मोजणं सोडून दिलं. गावाचं आणि प्रमुख पाहुण्यांचं नाव तेवढं बदलतं, फोटो तोच. हातात रोपटं, रोपट्याभोवती आठ-दहा माणसं, आणि मागं लांबपर्यंत पसरलेला माळ. त्याच्याकडे फोटोतलं कुणीच बघत नसतं.

माझा सगळा जन्म मराठी शिकवण्यात गेला, त्यामुळे मी आधी शब्दापाशीच अडते. 'उजाड' म्हणजे काय? जे एके काळी नांदतं होतं आणि मग मोडलं, ते उजाड. घर उजाड होतं, गाव उजाड होतं. माळ उजाड कधी झाला? तो तर त्याच्या परीनं नांदतोच आहे. त्याच्याकडे झाडं नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा.

मला एवढंच म्हणायचं आहे, की माळ म्हणजे मोडलेलं जंगल नव्हे, बिनकामाची जमीनही नव्हे. आणि त्याच्यावर खड्डे खणून झाडं लावली म्हणजे आपण त्याचं भलं केलं असं होत नाही. हे वाचून काही जण रागावतील, ही म्हातारी आता झाडांच्याही विरुद्ध बोलायला लागली म्हणतील. मंडळी, आधी शेवटपर्यंत वाचा, मग खुशाल रागवा.

आमच्या घरातली निम्मी माणसं आता पुण्या-मुंबईत आणि निम्मी समुद्रापलीकडे. त्यांच्या मुलांनी परभणी पाहिली ती रेल्वे स्टेशनपासून घरापर्यंत. त्यांच्यासाठी थोडा भूगोल सांगते. परभणी म्हणजे काळी जमीन, हे खरंच आहे. गोदावरी, दुधना आणि पूर्णा या नद्यांच्या काठची ती चिकट माती, पावसात पायाला शेर-शेर चिकटणारी. कापूस, सोयाबीन, तूर, रब्बीला ज्वारी. पण जिल्हा सगळाच असा सपाट नाही. उत्तरेला जिंतूर तालुक्यात अजिंठ्याच्या रांगेचे फाटे उतरतात. येलदरीचं धरण तिथंच, नेमगिरीची जैन लेणीही तिथलीच. दक्षिणेला, जनाबाईंच्या गंगाखेडच्या पलीकडे, बालाघाटाचे डोंगर सुरू होतात. या दोन्ही कडांना माळ आहे.

अशा एखाद्या गावातून बाहेर पडून डोंगराच्या दिशेनं चालत जा. आधी ओढ्याकाठची भारी जमीन लागते, विहिरी आणि ऊस याच पट्ट्यात. मग हळूहळू माती उथळ होते, रंग काळ्याचा तांबूस होतो, पायाखाली मुरूम कुरकुरायला लागतो. ही बरड. इथं तूर, मूग, बाजरी, पाऊस चांगला झाला तर कापूस. मग शेवटचा बांध येतो, त्यावर एखादी बोर नाहीतर हिवर, आणि बांध ओलांडला की माळ. माळावरून पुढं गेलं की मध्येच तारेचं कुंपण लागतं, गंजलेली पाटी, आणि एका ओळीत उभी असलेली गिरिपुष्पाची किंवा सुबाभळीची झाडं. त्याच्याही पुढं घळी. घळीत मात्र झाडं आपली आपण उगवलेली, धावडा, पळस, मोई, कुठंकुठं साग.

हे सगळं असं का आहे, ते खडकात आहे. आपला सगळा दख्खन काळ्या पाषाणाच्या थरांचा. पाण्यानं आणि उन्हानं तो झिजतो, बारीक माती वाहून खाली नदीकाठी साठते, आणि वर राहतो मुरूम. हजारो वर्षं हे चाललं आहे. माळावर माती कुठं वीतभर, कुठं तेवढीही नाही. पावसाळ्यातले चार महिने ओल, उरलेले आठ महिने कोरडं. अशा जागी उंच झाडाला पाय रोवता येत नाही. गवताला येतो. जून-जुलैत उगवायचं, दिवाळीपर्यंत बी धरायचं, उन्हाळ्यात वरून वाळून जायचं आणि मुळांत जीव धरून बसायचं. तुमच्या-आमच्या डोळ्यांना मार्च महिन्यात जे मेलेलं दिसतं, ते मेलेलं नसतं. झोपलेलं असतं.

आणि 'गवत' हा एक शब्द झाला, तिथं असतं ते एक गवत नव्हे. पवना वेगळा, मारवेल वेगळी, शेडा वेगळा. कुसळीचं बी लुगड्याच्या काठात शिरलं की संध्याकाळभर काढत बसावं लागे. तरवडाची पिवळी फुलं, घाणेरीच्या आधीच्या काळातली बोरीची जाळी, पावसाळ्यात टाकळा आणि कुर्डू. तितर, लावा, चंडोल, टिटवी ही सगळी जमिनीवर घरटं करणारी पाखरं. त्यांना झाड नको असतं, उघडी जागा हवी असते, म्हणजे दुरून येणारा दिसतो. थंडीत मध्य आशियाच्या बाजूनं भोवत्या नावाचे शिकारी पक्षी येतात आणि गवताच्या अगदी डोक्यावरून तरंगत फिरतात. काळवीट, खोकड, ससा, लांडगा हे सगळे माळाचे. माळढोक तर नावातच माळ घेऊन आला. त्याच्यासाठी १९७९ साली सोलापूरकडे नान्नजला अभयारण्य झालं, तरी आता महाराष्ट्रात तो जवळजवळ दिसेनासा झाला आहे. वाघासाठी जंगल राखायचं हे आपल्याला कळलं. माळढोकासाठी माळ राखायचा हे कळायला फार उशीर लागला.

पण मी पक्षीतज्ज्ञ नाही. मला माळ कळला तो माणसांमुळे. मी ज्या गावांत नोकरी केली तिथल्या बायका पावसाळा संपला की माळावर गवत कापायला जायच्या. उन्हाळ्यात गोवऱ्यांसाठी शेण वेचायला, सरपणाला, आणि बोरांच्या दिवसांत बोरांना. ज्यांना स्वतःचं वावर नव्हतं त्यांच्या घरची शेळी माळावर जगायची, आणि शेळीवर घरातल्या मुलांच्या वह्या यायच्या. धनगरांची मेंढरं पावसाळाभर माळावर. सुगी झाली की शेतकरी स्वतः निरोप धाडायचे, आमच्या वावरात मेंढरं बसवा म्हणून. चार-सहा रात्री कळप वावरात बसला की लेंडीखत आपोआप पडायचं. त्याबद्दल धनगराला धान्य मिळायचं, आता पैसे मिळतात. म्हणजे बघा, माळावरचं गवत मेंढराच्या पोटातून काळ्या वावरात जात होतं. लाल कंधारी बैल याच चाऱ्यावर पोसला. माळ आणि वावर यांच्यात मधला बांध होता, पण व्यवहार चालू होता. हा व्यवहार सातबाऱ्यावर कुठंच लिहिलेला नाही.

सातबाऱ्यावर काय लिहिलेलं असतं? 'पोटखराब'. 'पड'. महसुलाचा हिशेब ज्या जमिनीतून सारा येतो त्या जमिनीचा. ज्यातून सारा येत नाही ती पड. निजामाच्या राज्यात काय आणि इंग्रजांच्या मुलखात काय, दृष्टी एकच. निजाम १९४८ साली गेला, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, पण हे शब्द तसेच राहिले. पुढं उपग्रहाची चित्रं आली, पडीक जमिनींचे नकाशे निघाले, त्यातही खुरट्या झुडपांची आणि गवताची जमीन पडीकच मोजली गेली. आधी नाव पडीक ठेवायचं आणि मग पडीक आहे म्हणून तिचं काहीतरी करायला निघायचं, असा हा प्रकार.

त्यात भर पडली टक्क्यांची. १९५२ च्या आणि पुन्हा १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीत म्हटलं आहे की देशाच्या एकूण जमिनीपैकी एक तृतीयांश जमीन वनाखाली असावी. चांगलं आहे. पण ते सबंध देशाबद्दल आहे, प्रत्येक जिल्ह्याबद्दल नाही. आपल्या परभणीत जंगल जेमतेम एक-दोन टक्क्यांच्या आसपास, राज्यातल्या सर्वांत कमी जंगलाच्या जिल्ह्यांत आपली गणती. मग दर बैठकीत, दर भाषणात तेहतीस टक्क्यांचा आकडा येतो आणि सगळ्यांच्या माना खाली जातात. आता विचार करा. काळी जमीन पिकाखाली, आणि ती खाजगी. तिथं कोण झाडं लावू देणार? मग उद्दिष्टाचा सगळा भार कुणावर येतो? माळावर आणि गायरानावर. जिल्हा झाडांत कमी पडतो तो काळ्या जमिनीमुळे, आणि त्याची भरपाई करायची माळानं. हा हिशेब मला कधीच पटला नाही.

राज्यात १९८२ साली सामाजिक वनीकरणाचं वेगळं खातं झालं. सुबाभूळ, निलगिरी आणि मागून गिरिपुष्प ही झाडं घराघरांत ठाऊक झाली. पुढं मोहिमा आल्या. २०१६ मध्ये दोन कोटी, २०१७ मध्ये चार कोटी, २०१८ मध्ये तेरा कोटी आणि २०१९ मध्ये तेहतीस कोटी झाडं लावण्याचा राज्याचा संकल्प होता. एवढ्या झाडांना जागा हवीच. जागा म्हटली की पुन्हा माळ.

मी एका गावच्या माळावरची अशीच एक लागवड पंधरा-वीस वर्षं पाहत आले. गावाचं नाव सांगत नाही, कारण तसं कुठंही सापडेल. आधी चर खणले. चरांनी पाणी मुरलं, हे मान्य करायला हवं. पण गवताची जुनी मुळं ओळीनं उखडली गेली. मग दीड-दोन फुटांचे खड्डे आणि रोपं. चिंच, कडुनिंब, आवळा अशी चांगली रोपंही होती, पण दोन उन्हाळ्यांत ती गेली. मुरमात टँकरचं पाणी किती दिवस पुरणार? टिकलं ते गिरिपुष्प. ते दूर मध्य अमेरिकेतलं झाड. त्याला आपल्याकडे उंदीरमारीही म्हणतात. त्याचा पाला वावरात खत म्हणून उत्तम, बांधावर लावलं तर मी स्वतः कौतुक करीन. पण माळभर पसरलं तेव्हा सावलीत पवना गेला, मारवेल गेली. फेब्रुवारीत गुलाबी फुलं येतात, लोक फोटो काढतात. त्यावर पाखराचं घरटं मी तरी अजून पाहिलेलं नाही. चराईबंदी झाली तेव्हा मेंढरांचा रस्ता बदलला, शेळ्यावाल्या बायका दंडाच्या भीतीनं शेळ्या विकून मोकळ्या झाल्या. आणि दाट झाडोऱ्यात रानडुकरं लपायला लागली, ती रात्री बांध ओलांडून भुईमुगात. रोही आधीपासून होतेच. म्हणजे माळानं जे द्यायचं ते बंद झालं, आणि जे द्यायला नको ते सुरू झालं.

एका म्हाताऱ्या मेंढपाळानं मला या सगळ्याचं सार एका वाक्यात सांगितलं होतं. 'बाई, झाडाला काय, कुठं बी जागा हाय. मेंढरानं कुठं जावं?' मी वर्गात अनेक वर्षं सारांशलेखन शिकवलं, पण याहून चांगला सारांश मला जमला नसता.

आता यावर एक शहाणा आक्षेप येतो. लोक म्हणतात, हे सगळं पूर्वी घनदाट जंगलच होतं. माणसानं तोडलं, शेळ्यांनी खाल्लं, म्हणून माळ झाला. आपण फक्त जुनं परत आणतो आहोत. हा आक्षेप खरा असता तर माझं सगळं म्हणणं पडलं असतं. काही उतारांच्या बाबतीत तो खराही असेल, आणि तिथं जरूर जंगल वाढवावं. पण सगळ्या माळांच्या बाबतीत तो खरा नाही. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या दोन तरुण अभ्यासकांनी २०२५ साली 'पीपल अँड नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी जंगलाचा इतिहास शोधला तो कुठं, तर आपल्या जुन्या मराठीत! संतांची चरित्रं, ओव्या, लोकगीतं यांत कोणकोणत्या रानझाडांची आणि गवतांची नावं येतात ते त्यांनी टिपलं. त्यांतल्या बहुतेक वनस्पती निघाल्या उघड्या, गवताळ, काटेरी मुलखातल्या. आजही माळावर दिसतात त्याच. म्हणजे साडेसातशे वर्षांपूर्वीही दख्खनचं पठार असंच होतं. त्यांचा भर पश्चिम महाराष्ट्रावर आहे, पण मुरूम आणि पाऊसमान यांत आपण त्यांच्यापासून फार लांब नाही. मराठीच्या बाईला याचा किती आनंद झाला असेल ते सांगायला नको. म्हाइंभटांचं 'लीळाचरित्र' आम्ही भाषेसाठी वाचलं, परीक्षेसाठी वाचलं. त्यातल्या झाडाझुडपांची साक्ष काढता येते हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

हे आपल्याकडेच घडलं असंही नाही. माझा भाचा स्कॉटलंडमध्ये असतो. त्याच्याशी फोनवर या विषयावर बोलले तर तो म्हणाला, मावशी, इथंही हेच झालंय. तिकडच्या उत्तरेला फ्लो कंट्री म्हणून मैलोन्‌मैल ओसाड दिसणारा ओला माळ आहे. शेवाळं साठत साठत हजारो वर्षांत तिथं पीटचा जाड थर झाला. तेही कुणाला उपयोगाचं वाटेना. १९८० च्या दशकात करात सवलत मिळते म्हणून दूरच्या श्रीमंतांनी तिथं चर खणून परदेशी सूचिपर्णी झाडांच्या रांगाच्या रांगा लावल्या. पाणी निचरलं, पीट वाळलं, पाखरं गेली. १९८८ साली सरकारनं ती सवलत काढून घेतली. आता तिथं पदरचा पैसा खर्चून ती झाडं तोडतात आणि चर बुजवतात. २०२४ साली युनेस्कोनं फ्लो कंट्रीला जागतिक वारसा म्हटलं. त्यांचा माळ भिजलेला, आपला वाळलेला. पण दोघांनाही 'इथं काही नाही' म्हणणारी माणसं सारखीच.

मग झाडं लावायचीच नाहीत का? लावा हो, भरपूर लावा. बांधावर लावा, आपल्या कितीतरी बांधांवरची बाभूळ आणि कडुनिंब गेल्या तीस वर्षांत ट्रॅक्टरच्या सोयीसाठी गेले, ते परत आणा. ओढ्याच्या काठी, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, शाळेच्या आवारात, स्मशानात, घरामागं लावा. आंबराया उभ्या करा. घळीत आणि डोंगरउतारावर मूळचं जंगल आहे तिथं त्याला सांभाळा, ते आपलं आपण वाढतं. परभणी शहरातल्या रस्त्यांना तर सावलीची केवढी गरज आहे, मे महिन्यात येऊन बघा. माझं भांडण झाडाशी नाही, जागेच्या निवडीशी आहे.

आणि माळावर काय करायचं? गवत राखायचं. अतिचराई होते हे खरं आहे, माळ थकतो हेही खरं आहे. त्याला उपाय तारेचं कुंपण आणि परदेशी झाड नव्हे. गावानं पाळी लावायची, एक भाग दोन पावसाळे चराईला बंद, दुसरा उघडा. मारवेल, पवना यांचं बी टाकायचं. आपल्या परभणीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, चाऱ्याचं ज्ञान आपल्या दारात आहे. गवत कापून न्यायला परवानगी द्यायची, म्हणजे वणव्याची भीतीही कमी. इंदापूर तालुक्यात कडबनवाडीला अलीकडे वनखात्यानंच गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, लोक पैसे भरून लांडगा आणि खोकड बघायला जातात. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष चराऊ रानांचं आणि पशुपालकांचं वर्ष म्हणून जाहीर केलं आहे. म्हणजे जगाला हळूहळू कळतं आहे.

घाई मात्र आपल्याला करावी लागेल, कारण आता माळाकडे झाडांखेरीज दुसऱ्यांचीही नजर आहे. २०२३ पासूनच्या सौर कृषी वाहिनी योजनेत सौर प्रकल्पांसाठी सरकारी आणि गायरान जमिनी दिल्या जात आहेत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, रात्री साप-विंचवात मोटार चालू करायला जायला लागू नये, हे मला मनापासून हवं आहे. पण जागा ठरवताना पुन्हा 'तिथं काही नाही' असंच लिहिलं जातं. गायरानावर भूमिहीन कुटुंबंही कसतात. त्यांच्यासाठी १९५९ आणि १९६४ साली दादासाहेब गायकवाडांनी केवढे सत्याग्रह केले. म्हणजे माळावर आधीच गवत आहे, जनावर आहे, पाखरू आहे, माणूस आहे. प्रत्येक नवी योजना मात्र पाटी कोरी समजून येते. निदान ग्रामसभेत विचारा तरी, की या माळावर आज कोण जगतं? मेंढपाळाला आणि शेळीवाल्या बाईला त्या सभेत बोलू द्या. त्यांची नावं यादीत नसतात आणि ती कधी पहिल्या रांगेत बसत नाहीत, म्हणून मुद्दाम सांगते.

असो. उपदेश पुष्कळ झाला, शिक्षकी सवय जात नाही. तुम्हाला एक गृहपाठ देते. आपापल्या गावी, आजोळी कुणी जुनं माणूस असेल, गुरं राखलेलं, गवत कापलेलं, तर त्याला किंवा तिला माळावरच्या गवतांची आणि झुडपांची नावं विचारा आणि मला लिहून पाठवा. कोणतं गवत दुभत्या जनावराला, कोणतं छपराला, कोणतं नुसतंच टोचणारं, तेही विचारा. पुण्यातल्या पुतण्यांनी आणि स्कॉटलंडच्या भाच्यानंही चुकवायचं नाही, फोन सगळ्यांकडे आहेत. माझ्या वहीत आतापर्यंत सतरा नावं झाली आहेत. ज्याला सतरा नावं आहेत त्याला पडीक म्हणू नये.